थांबू शकते

फ्लॉपीच्या कडेची पातळ पत्र्याची पट्टी मच्छिंद्र बोलता बोलता नखानं सरकवत होता. सरकवली की आतली काळी चकती उघडी पडे, सोडली की पट्टी पुन्हा मिटे — आणि शरयूला वाटलं, हे आपण हजारदा केलेलं आहे, असंच, अंगठ्यानं... खालची पापणी ओढायची, आत लाल आहे की पांढरं ते पाहायचं आणि सोडून द्यायची. माणूस विचारतो, काय दिसलं बाई? आपण म्हणतो, काही नाही, आणि कागदावर काहीतरी लिहितो.

"मॅडम, लक्ष हाय ना?" मच्छिंद्रनं विचारलं.

लक्ष होतं. सकाळपासून तिचं लक्ष दुसरीकडे कुठे नव्हतंच. ओपीडी अकराला आटोपली होती, दवाखान्यातल्या जुन्या आया गिरिजाबाई यांनी औषधांच्या खोलीतलं टेबल रिकामं करून दिलं होतं आणि त्यावर आता तो संगणक घुमत बसला होता. मच्छिंद्रनं पुण्याहून त्याचा पडदा मांडीवर घेऊन आणला होता, लहान मुलाला आणावं तसा. खिडकीबाहेर कार्तिकातलं ऊन होतं, दूर कापूस वेचणाऱ्या बाया दिसत होत्या, सगळं नेहमीसारखं होतं; फक्त तिचे तळहात गार पडले होते आणि ते तिनं पांढऱ्या कोटाच्या खिशात घालून ठेवले होते.

दवाखाना ट्रस्टचा. वीस खाटा, एक जीप, आणि एकोणीस वर्षं झाली, डॉक्टर म्हणून ती एकटी. जालना तिथून पन्नास किलोमीटर. रक्त, भूल, शस्त्रक्रिया, सगळं तिकडे. म्हणजे तिचं काम तसं पाहिलं तर एवढंच — कुणाला इथे ठेवायचं आणि कुणाला जीपमध्ये घालायचं, आणि एकाच वेळी दोघं आले तर आधी कुणाला. जूनमध्ये मच्छिंद्र सपकाळ पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं नेमकं हेच विचारलं होतं. पस्तिशीचा माणूस, पिंपळगाव रेणुकाईच्या शेतकरी घरातला, पुण्याला एका संस्थेत संगणकावर काम करणारा. पुण्यात चौदा वर्षं काढूनही त्याची बोली पुण्याची झाली नव्हती आणि व्हावी असं त्याला वाटतही नव्हतं. त्याच्या संस्थेला संगणकाला पेच सोडवायला शिकवायचं होतं. गणितातले नव्हेत. दोन जीव आणि एक गाडी, असले. ट्रस्टची बारा उपकेंद्रं होती, तिथे डॉक्टर नव्हते, फक्त नर्सबाई. त्यांनी रकाने भरायचे आणि संगणकानं सांगायचं, ह्याला आधी पाठवा, ती थांबू शकते. मशीन कुणाची भीड धरत नाही, असं तो तेव्हा म्हणाला होता, पण त्याला आधी कुणीतरी शिकवावं लागतं.

तुम्ही कसं ठरवता, त्यानं विचारलं. ती म्हणाली, अनुभवानं. त्यावर तो हसला नाही. अनुभव मशीनला कळत नाही, नोंदी कळतात; तुम्ही आजवर जे जे ठरवलं ते द्या, त्यातून ते तुमची रीत उचलेल.

आणि तिनं दिल्या. एकोणीस वर्षांच्या रजिस्टरांमधून निवडून काढलेल्या दोनशे चौदा नोंदी, जिथे जिथे तिला दोघांतून एक निवडावा लागला होता तिथल्या. देताना तिला काय वाटलं होतं... खरं सांगायचं तर अभिमान वाटला होता. आपण निवृत्त होऊ, मरूही, आणि तरी कुठल्याशा आडवाटेच्या खोलीत एखादी नर्सबाई बटण दाबेल आणि आपली बुद्धी तिच्या मदतीला येईल, ह्या कल्पनेनं ती दोन दिवस हवेत होती. घरी नवऱ्याला, केशवला, तिनं हे जेवताना सांगितलंही होतं, आणि तो म्हणाला होता, म्हणजे तू आता बारा ठिकाणी असणार. हो, बारा ठिकाणी. तेव्हा तिला हे चांगलं वाटलं होतं.

एकशे सदतिसावी नोंद द्यायची की नाही, ह्याचा तिनं विचार केला नव्हता असं नाही. केला होता. वगळली असती तर त्या रजिस्टरातला क्रम तुटला असता, कुणीतरी विचारलं असतं. आणि दोनशे चौदांत एक, कोण बघतंय. निळ्या शाईतली सरळ ओळ होती ती. खाडाखोड नव्हती.

मच्छिंद्र आता चाचणीच्या केसेस घालत होता. मनानं रचलेल्या, संगणकानं काय उत्तर दिलं ते पाहायचं आणि मॅडमनी मान हलवायची. सर्पदंश आणि मोडलेला पाय: सर्पदंश आधी. तिनं मान हलवली. जुलाबानं सुकलेलं मूल आणि तापातला म्हातारा: मूल आधी. तिनं पुन्हा मान हलवली. हे सगळं इतकं तिच्यासारखंच होतं की तिला आरशासमोर बसल्यासारखं वाटायला लागलं. आरशातली बाई आपल्या आधी बोलते आहे, एवढाच फरक.

मग त्यानं चौथी घातली. एकीकडे छातीत दुखणारा पन्नाशीचा माणूस. दुसरीकडे गरोदर बाई, वय चोवीस, आठवा महिना, रक्तस्राव भरपूर, रक्तदाब एकशे पाच. त्याची बोटं ही अक्षरं टाइप करत असताना तिनं खुर्चीचा हात धरला. त्याला काही ठाऊक नव्हतं. रोज घडणारी गोष्ट म्हणून त्यानं ती घातली होती.

पडद्यावर हिरवी अक्षरं आली: पुरुष आधी. स्त्री थांबू शकते.

"हे बराबर का, मॅडम?"

ह्या वेळी तिनं मान हलवली नाही. तरुण बाईचं शरीर दगा देतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक... रक्त वाहत असतं आणि तरी रक्तदाब धरून ठेवतं ते शरीर, शंभर, एकशे पाच, एकशे दहा, सगळं ठीक असल्यासारखं, आणि मग एकाएकी सगळं सोडून देतं. ही बाई थांबू शकत नाही. कुठलीच थांबू शकत नाही. हे मी शिकलेच नाही असं कसं होईल, मी तर हे नर्सेसना दर वर्षी शिकवते...

"यानं असं कामून म्हनलं ते बी बघता येतं," मच्छिंद्र म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कारागिराचा आनंद होता. "मानसं सांगत न्हाईत, हे सांगतं." त्यानं एक कळ दाबली.

आधार: नोंद १३७. रक्तस्राव भरपूर, रक्तदाब ११०. डॉक्टरांचा निर्णय: थांबवले.

संगणकाच्या पंख्याचा आवाज तिला एकदम फार मोठा वाटला. तिनं दाराकडे पाहिलं, कुणी उभं आहे का. कुणी नव्हतं. गिरिजाबाई व्हरांड्यात कापसाचे बोळे करत बसल्या होत्या.

जानेवारीतला दिवस होता तो, ब्याण्णव सालचा, असाच दुपारचा, आणि गरोदर बेबीनंदा बैलगाडीतून आली होती. नवरा अंकुशनगरकडे ऊसतोडीला गेलेला, गाडी शेजाऱ्यानं हाकून आणलेली आणि तिला सोडून तो बैलांना पाणी पाजायला गेलेला, तिच्याबरोबर एकटी तिची आई, तुळजाबाई. शरयूनं खालची पापणी ओढून पाहिली होती आणि आत चुन्यासारखं पांढरं होतं. रक्तदाब घेतला होता, सत्तर. दोनदा घेतला होता. सत्तर. सलाइन लावलं, कडूबाला — ड्रायव्हरला — जीप लाव म्हणून सांगितलं, आणि त्याच वेळी ट्रॅक्टर फाटकातून आत आला. साहेबराव, गावचे माजी सरपंच, छातीला हात लावून बसलेले, आणि ट्रॉलीत पंचवीस माणसं. तिनं त्यांची ईसीजीची पट्टी काढली, ती स्वच्छ होती. ती स्वच्छ आहे हे तिला कळलं होतं. हेच तिला पुढे कधी नाकारता आलं नाही, एखादी रेघ तरी वाकडी असती, शंकेला जागा तरी असती... तिनं म्हणून पाहिलं, ही मुलगी फार वाईट आहे, आधी हिला. तेव्हा साहेबरावांचा भाऊ रामराव तिच्या टेबलाशी आला. त्यानं आवाज चढवला नाही. टेबलावरच्या स्टेथोस्कोपवर हात ठेवला, अगदी सहज, आणि म्हणाला, मॅडम, गाडी काढायला सांगा. मागे पंचवीस माणसं गप्प उभी होती. मागच्याच वर्षी शेजारच्या तालुक्यात एका डॉक्टरचा हात मोडला होता, तेही कुणी आरडाओरडा न करता. ती कडूबाकडे वळली आणि तिनं स्वतःचाच आवाज ऐकला — शांत, समंजस, नेहमीचा — ह्यांना आधी घे.

जीप परत यायला अडीच तास लागले. बेबीनंदा जालन्याच्या वाटेवरच दगावली. साहेबराव तिसऱ्या दिवशी चालत आले, पोटात वायू धरला होता म्हणाले.

आणि त्या अडीच तासांत केव्हातरी, रजिस्टर पुढे ओढून तिनं एकशे दहा लिहिलं होतं. हात कापला नव्हता. हात कापला असता तर निदान अक्षर वेडंवाकडं आलं असतं.

एवढंच असतं तर... पण एवढंच नव्हतं. आणखी एक गोष्ट होती, जी तिनं केशवला सांगितली नव्हती, स्वतःलाही पुऱ्या वाक्यात कधी सांगितली नव्हती.

तेराव्यानंतर तुळजाबाई आली होती. दवाखान्याची तांबडी चादर, तिच्या लेकीच्या अंगावर घातलेली, धुऊन, उन्हात वाळवून, नीट घडी करून घेऊन आली होती. टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "दवाखान्याची हाय बाई, कोन्ला तरी लागंल. तुम्ही लई केलं माज्या पोरीसाठी." शरयूनं चादर घेतली होती. तिला वाटलं होतं, आता ही विचारील. पण तुळजाबाईनं काही विचारलं नाही, गुडघ्यासाठी गोळ्या मागितल्या आणि गेली. पुढची जवळजवळ तीन वर्षं शरयू त्या न विचारलेल्या प्रश्नालाच भीत राहिली. ओपीडीच्या रांगेत तुळजाबाईचं जाडं हिरवं लुगडं दिसलं की ती मान खाली घालून लिहीत बसायची. आणि आता प्रश्न विचारणारा आला होता आणि तो म्हातारी नव्हता, त्याला डोळे नव्हते, त्याला फक्त एक कळ होती...

मच्छिंद्र फ्लॉपी आत सारत होता. चारच्या गाडीनं त्याला निघायचं होतं. पुढल्या आठवड्यात ट्रस्टच्या मंडळींना दाखवायचं, मग बारा प्रती काढायच्या. बारा. बारा खोल्यांतून बारा नर्सबाया तिच्या शांत, समंजस आवाजात बारा बेबीनंदांना सांगणार, थांबू शकते. आणि त्यांच्यापैकी एकीच्याही समोर पंचवीस माणसं असणार नाहीत. भीतीचं कारण तिथे नसेल, भीतीनं दिलेलं उत्तर तेवढं असेल.

"मच्छिंद्र," ती म्हणाली, "तो आकडा खोटा आहे."

त्यानं वर पाहिलं नाही. "कोन्ता?"

"एकशे दहा. सत्तर होता."

त्याला वाटलं, टाइप करताना त्याचीच चूक झाली. त्यानं रजिस्टर उघडलं, बोट ओळीवरून नेलं. "इथं बी एकशेधाच हाय, मॅडम."

"ते मीच लिहिलंय."

मग त्यानं वर पाहिलं. तिनं ठरवलं होतं की त्याच्याकडेच पाहत बोलायचं, पण तिची नजर खिडकीकडे गेली आणि तिथूनच तिनं सगळं सांगितलं — पट्टी स्वच्छ होती ते, रामरावचा हात, सत्तर. सांगताना तिला अंगावर कुणीतरी गार पाणी ओततंय असं वाटत होतं. आता हा उठेल. आता हा म्हणेल, हे पोलिसांना कळवायला पाहिजे, ट्रस्टला कळेल, तुळजाबाईला कळेल.

तो उठला नाही. थोडा वेळ त्यानं टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग हलक्या आवाजात, जवळजवळ मायेनं म्हणाला, "मंग ही केस काढून टाकू. दोनशे चौदात एक गेली तर काई बिघडत न्हाई. मशीनचं उत्तर बराबर येईन, आन् कोन्ला काई कळायचं कारन न्हाई."

किती सोपं होतं. आणि तिला हो म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं ते, हो, काढा. एवढ्याशा होकारानं बारा ठिकाणच्या बाया वाचणार होत्या आणि तीही. मग ह्यात वाईट काय... ह्यात वाईट काय, हे तिला शोधूनही सापडेना, आणि तरी तिनं उघड्या रजिस्टरातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. बेबीनंदा एकदा थांबली होती, एकदा खोटी झाली होती, आणि आता ती कधी आलीच नव्हती असं होणार होतं.

"काढू नका," ती म्हणाली. "सत्तर घाला."

"घालतो. पर मंग त्याला कळायचं न्हाई, सत्तर असताना कामून थांबवली. काईतरी कारन लागतं त्याला. कारन न्हाई भेटलं तर ते आपल्या मनानं धुंडतं."

"सोबतची माणसं किती, असा रकाना आहे ना? तिच्यापुढे एक लिहा. त्यांच्यापुढे पंचवीस."

मच्छिंद्रचा हात कळांवरच थांबला. "तसं शिकवलं तर तेबी भ्यायला शिकंल, मॅडम. जिथं मानसं जास्ती, तिथं गाडी आधी."

हे खरं होतं. तिला एकदम पडद्याकडे पाहवेना. एकोणीस वर्षांतली तिची रीत, तीच जर ही असेल... एकाच दिवशी नव्हे, थोडी थोडी, रोज, कुणाच्या पायांत बूट आहेत, कोण मोठ्यानं बोलतं, कुणाबरोबर कुणीच नाही, हे सगळं तिच्या हातानं आधी टिपलेलं आणि मग रक्तदाब घेतलेला...

"आणि गाडीत जागा होती," ती म्हणाली.

तो समजला नाही.

"जीपमध्ये दोन बाकं असतात. साहेबरावांबरोबर सहा माणसं चढली. दोघांना खाली उतरवलं असतं तर ती मावली असती. मी कुणाला उतरा म्हटलं नाही." तिचा आवाज अजून तसाच होता, शांत, आणि तिला त्या आवाजाची किळस आली. "म्हणाले असते तर कदाचित उतरलेही असते."

"म्हंजे पेच नव्हताच," मच्छिंद्र म्हणाला.

"नव्हता."

त्यानं फ्लॉपी बाहेर काढली आणि बाजूला ठेवली. आता तो तिला दोष देईल असं तिला पुन्हा वाटलं, आणि पुन्हा तसं झालं नाही. तो स्वतःवरच नाराज दिसत होता. "चूक आपलीबी हाय," तो म्हणाला. "तुम्ही जे केलं तेच बराबर, असं धरूनच आम्ही त्याला शिकवून राह्यलो. चुकलं म्हनायला जागाच ठिवली न्हाई त्याच्यात. एक रकाना वाढवतो. बराबर, का चूक." तो घुटमळला. "पर तो एकाच केसला भरून चालत न्हाई, मॅडम. दोनशे चौदाला भरावा लागंन. आन् ते मला भरता यायचं न्हाई."

म्हणजे आज नाही जमणार, ती म्हणाली. नाही, तो म्हणाला, चारच्या गाडीनं आता जात नाही. पुण्याला कळवीन, वेळ लागेल म्हणून.

त्यानं संगणक तसाच सुरू ठेवून रजिस्टरांचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. गिरिजाबाई दोन कप चहा ठेवून गेल्या. शरयूनं खिशातून हात काढले आणि पेन्सिल घेतली, आणि पहिल्यांदाच दिवसभरात तिला थोडं हलकं वाटलं. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. एकशे सदतीस गाठायला वेळ होता, तोवरच्या नोंदी भराभर उरकता आल्या असत्या. पहिली, सर्पदंश: बरोबर. दुसरी, विहिरीत पडलेली मुलगी, तिला चेहरा आठवत होता, ती आता दोन मुलांची आई होती: बरोबर. तिसरी: बरोबर. चौथी...

चौथी, पंच्याहत्तर सालची, ऑगस्ट महिना. वय साठ, पुरुष, राहणार वाटूर, दमा. सोबत एक. रक्तदाब एकशे वीस. थांबवले.

चेहरा आठवेना. तिनं डोळे मिटून पाहिलं. पाऊस होता का, तो माणूस बाकावर होता की जमिनीवर, बरोबर कोण होतं, बायको की सून. काही नाही. त्याच्याआधी कुणाला पाठवलं ते शेजारच्या ओळीत होतं: एक बागाईतदार, तापानं फणफणलेला, सोबत अकरा. ह्याचं पुढे काय झालं हे लिहिलेलं नव्हतं. जीपमध्ये जागा होती का, हेही लिहिलेलं नव्हतं. तसा रकाना तिनं कधी आखलाच नव्हता. एकशे वीस हा आकडा तिच्या अक्षरातला होता, वळणदार, न कापणारा. तो खरा होता का? मी त्या दिवशी यंत्र त्याच्या दंडाला लावलं होतं का... तिनं ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. ओळ सगळ्या ओळींसारखीच होती.

तिनं पान उलटलं. मग पुढचं. सहावी नोंद, नववी, अकरावी, सोबत एक, सोबत एक, सोबत कुणी नाही. इतके दिवस ती एकाच बाईला भीत आली होती, आणि त्या बाईचं नाव तरी तिला ठाऊक होतं. चहा निवत होता, आणि पेन्सिल हातात धरून ती ह्या माणसांची नावं आठवायचा प्रयत्न करत होती. नावं येत नव्हती, आणि पानं पुष्कळ होती.